पहिल्या घासानंतरचे अठरा महिने

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुने लोखंडी कपाट आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या त्यात पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. सर्वांत जुन्या वह्यांची पाने हात लावताच कडेने झडतात, शाई तांबूस पडली आहे, आणि पोर्तुगीज वळणाचे हस्ताक्षर लावताना सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या आमच्यासारख्याचीही दमछाक होते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका कुटुंबाची वंशावळ शोधून देण्यासाठी आम्ही त्या वह्या उघडल्या. शोध होता एका पणजोबांचा. सापडले ते भलतेच.

बाप्तिस्म्याच्या वहीत एखाद्या घरी नवे मूल आल्याची नोंद दिसे, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत दफनवहीत त्याच आईबापांच्या आधीच्या मुलाचे नाव सापडे. वय दीड वर्ष, दोन वर्षे, क्वचित अडीच. पहिल्यांदा असे दिसले तेव्हा योगायोग म्हणून आम्ही पान उलटले. तिसऱ्या-चौथ्यांदा दिसले तेव्हा मात्र बोट त्या ओळीवरच थांबले. मृत्यूचे कारण कुठे लिहिलेलेच नाही, कुठे नुसता 'ताप'. घाईने वही भरणाऱ्या त्या काळच्या धर्मगुरूने आणखी काय लिहावे? आम्ही काही संख्याशास्त्रज्ञ नाही, आणि दहा-वीस पानांवरून सिद्धांत मांडणे आम्हाला शोभणारही नाही. तथापि पाठचे भावंड आले आणि पुढचे गेले, ही जोडी डोळ्यांपुढून हलेना. दुसराही एक विचार मनात आला. जी मुले गेली त्यांची निदान नोंद तरी झाली. जी वाचली, पण जेवढी वाढायला हवी होती तेवढी कधीच वाढली नाहीत, त्यांची वही कोणी ठेवली आहे?

त्या वाचलेल्या, खुरटलेल्या मुलांविषयी आम्हाला येथे लिहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम आफ्रिकेत जावे लागेल.

सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या डॉक्टरबाई १९२९ साली ब्रिटिश वसाहतीच्या नोकरीत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घाना देशात दाखल झाल्या. तेथे त्यांना एक ते चार वर्षांची अशी मुले दिसू लागली की ज्यांचे हातपाय सुजलेले, केस तांबूस आणि विरळ, कातडी सोललेली, चेहरा मलूल. वरिष्ठ वैद्यकीय मंडळी याला पेलाग्रा नावाचा जुनाच रोग समजत होती. विल्यम्सबाईंनी एक साधी गोष्ट केली, जी मोठ्या पदावरच्या माणसांना सहसा सुचत नाही. त्यांनी आयांनाच विचारले की तुम्ही या दुखण्याला काय म्हणता? गा भाषेतील त्या बायकांनी सांगितले, 'क्वाशिओरकर'. याचा अर्थ, दुसरे बाळ आले की आधीच्या पदच्युत मुलाला होणारा आजार. नवे मूल अंगावर आले की आधीच्याचे दूध तुटे, आणि मग त्याच्या वाट्याला येई मक्याची पातळ पेज, आणखी काही नाही. विल्यम्सबाईंनी १९३३ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे नाव जगापुढे ठेवले. जे निदान पुरुष तज्ज्ञांना जमले नव्हते ते त्या आयांच्या बोलीतील एका शब्दात आधीपासूनच होते.

आमच्या वहीतली ती जोडी आणि हा शब्द यांत फरक आहे खरा. क्वाशिओरकर हा उघड दिसणारा, अंगावर सूज आणणारा तीव्र विकार. खुरटणे हे त्याचे मुके भावंड. त्यात सूज नाही, वेदना नाही, मूल हसते-खेळतेही. फक्त दर महिन्याला जेवढे वाढायला हवे त्याहून थोडे कमी वाढते. दोन्हींचा प्रारंभ मात्र बहुधा एकाच उंबरठ्यावर होतो: आईचे दूध एकटे पुरत नाहीसे होते आणि ताटातले अन्न अजून मुलापर्यंत पोहोचलेले नसते, तेथे.

आता थोडा आत्मशोधही करावयास हवा, कारण या इतिहासात आपणही आहोत.

विल्यम्सबाईंची पुढे मलायात बदली झाली. तेथे त्यांनी पाहिले की साखर घातलेले डब्यातले दूध बाळांना उत्तम म्हणून खपवले जात आहे आणि त्यापायी बाळे दगावत आहेत. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले. विषयाचे नाव ठेवले 'दूध आणि खून'. पुढे युद्धात जपान्यांनी त्यांना चांगीच्या तुरुंगछावणीत डांबले, त्यातून त्या जगल्या, आणि १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्यांनी लावलेली ठिणगी पेटायला मात्र पस्तीस वर्षे लागली. १९७४ साली ब्रिटनमध्ये 'बेबी किलर' ही पुस्तिका निघाली, १९७७ साली अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्रीसंबंधीची संहिता मंजूर केली. विरुद्ध मत पडले ते एकट्या अमेरिकेचे. भारताने १९९२ साली यासंबंधी स्वतंत्र कायदाच केला. या लढ्यातली एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसावी. अमेरिकेतील 'प्रेशस ब्लड' संघाच्या धर्मभगिनींकडे एका मोठ्या औषध कंपनीचे थोडे समभाग होते. कंपनी गरीब देशांत बाळदूध कसे खपवते याची खोटी माहिती भागधारकांना देते, असा दावा या भगिनींनी १९७६ साली न्यायालयात लावला. जपमाळ ओढणाऱ्या बायकांनी कंपनीच्या कायदेशीर सल्लागारांना घाम फोडला, हे वाचून आम्हाला अजूनही गंमत वाटते.

पण आपल्याकडे? आमच्या लहानपणी ख्रिस्तमंदिराच्या आवारात अमेरिकेतून आलेल्या दुधाच्या भुकटीचे वाटप होई. अमेरिकेने १९५४ साली केलेल्या कायद्याखाली शिलकी धान्य आणि दूध आपल्या देशात येत असे. हातात पितळी भांडे घेऊन आम्हीही रांगेत उभे राहिलो आहोत. ती भुकटी टाळ्याला चिकटे. आम्ही ती कोरडीच चाटून खात असू आणि बोलताना तोंडातून धूर काढल्याची नक्कल करीत असू. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, याविषयी आमच्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. मात्र त्या रांगेत उभे कोण होते? आम्ही, म्हणजे सहा-सात वर्षांची, पायांनी चालत येणारी, ढकलाढकली करून पुढे घुसणारी पोरे. ज्याला त्या अन्नाची खरी निकड होती ते दीड वर्षाचे मूल घरी आजीच्या कडेवर होते. आणि भुकटी घरी नेऊन, विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात कालवून, त्याला पाजली गेली असेल तर त्यात त्याचे भले झाले असेलच असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

दानधर्म चुकीच्या वयाला पोहोचतो, हे या विषयाचे जुने दुखणे आहे. शाळेतले जेवण सहाव्या वर्षी येते. अंगणवाडीतला शिजवलेला आहार तिसऱ्या वर्षानंतर. त्याआधी मिळते ते घरी न्यायचे पाकीट, आणि घरी गेलेले पाकीट सगळ्या घराचे होते. उंचीचे नुकसान मात्र तोवर होऊन गेलेले असते. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंतचे जे अठरा महिने, त्यांतच ते मुख्यतः घडते. पोषणतज्ज्ञ गरोदरपणाचे नऊ महिने आणि पहिली दोन वर्षे मिळून हजार दिवसांचा हिशेब धरतात. ग्वातेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना दूध घातलेली सकस पेज रोज देऊ केली, दोन खेड्यांत नुसते गोड सरबत. पेज मिळालेली लहान मुले अधिक उंच झाली, पण उंचीत फरक पडला तो पहिल्या तीन वर्षांतल्या पेजेने; नंतर दिलेल्या पेजेने जवळजवळ नाहीच. ही मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ज्या पुरुषांना दोन वर्षांच्या आत ती पेज मिळाली होती त्यांची तासाची मजुरी इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक निघाली. म्हणजे प्रश्न चार बोटे उंचीचा नव्हे. ज्या दिवसांत हाड लांबत नाही त्याच दिवसांत मेंदूही उपाशी असतो.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी तो आम्हाला थोडा अवघड वाटतो. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. भारतातल्या भुकेचा प्रश्न हा प्रथिनांच्या तुटवड्याचा नसून एकूण अन्नाच्याच तुटवड्याचा आहे, हे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि त्यांचे ते म्हणणे काळाने खरे ठरवले. पण कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते हा विचारही त्यांनी मांडला होता, आणि त्याचा आधार घेऊन अमेरिकेतील डेव्हिड सेकलर यांनी १९८० च्या सुमारास 'लहान पण निरोगी' असा सिद्धांत उभा केला. गरिबांची बुटकी मुले आजारी नाहीत, ती फक्त लहान आहेत, असा त्याचा मथितार्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे पूर्वीचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ साली त्यावर जो उलट सवाल केला त्याला आमच्या मते तोड नाही: लहान असणे निरोगी असेल, तर ते गरिबांच्याच मुलांसाठी का, श्रीमंतांच्या का नाही?

शेवटचा निकाल मोजपट्टीने दिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची वाढ मोजली. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. ज्यांना आईचे दूध मिळाले, पुढे पुरेसे अन्न मिळाले, ज्यांच्या घरी स्वच्छता आणि उपचार होते, अशीच मुले निवडली. ओस्लोचे गोरे मूल आणि दिल्लीचे सावळे मूल पहिली पाच वर्षे जवळजवळ सारखेच वाढते, असे त्यातून दिसले. त्यावरून २००६ साली जी प्रमाणे ठरली त्यांनुसार दोन वर्षांचा मुलगा सुमारे ८७ सेंटिमीटर असावा. ८१ च्या खाली असेल तर तो खुरटलेला. "आमची माणसे मुळातच बुटकी, फादर," असे आम्ही किती जणांकडून ऐकले आहे! इतक्या कोवळ्या वयात तरी रक्त इतके खुजे नसते.

आता आमची स्वतःची चूक.

पौरोहित्याच्या सुरुवातीच्या वर्षांत आमची नेमणूक डोंगराकडच्या एका मिशन केंद्रात होती. जव्हार-मोखाड्याचा तो पट्टा. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली सारा महाराष्ट्र हादरला होता, आणि आम्ही गेलो तेव्हाही त्या गावांचे नाव निघाले की माणसे आवाज खाली आणीत. केंद्रात एक काटा होता. छताला टांगलेला, खाली कापडी झोळी. दर पंधरवड्याला मुले त्यात बसवून वजन लिहायचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले होते. एका वारली बाईचा मुलगा आम्हाला फार आवडे. गुटगुटीत नव्हे, पण बांधेसूद, गालांवर तुकतुकी. "दीड वर्षाच्या मानाने छान आहे," असे आम्ही तिला म्हणालो. ती आमच्याकडे पाहतच राहिली. "फादर, तो दीडचा नाय. तिसरं चालू झालं त्याला. होळीला झाला ना तो, त्या मोठ्या पावसाच्या आधीच्या." आम्ही तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. बाप्तिस्म्याची वही काढून पाहिली, तेव्हा तीच खरी निघाली.

त्या मुलाची उंची आम्ही कधी मोजलीच नव्हती. वजन उंचीला साजेसे, म्हणून डोळ्यांना तो ठीक दिसे. उंची वयाला साजेशी नव्हती, ते कोण पाहणार? रोडावणे आणि खुरटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जॉन वॉटरलो या शास्त्रज्ञाने १९७२ सालीच स्पष्ट केले होते. पण मिशन केंद्रातल्या आमच्या काट्यापर्यंत ते यायचे होते. देशातल्या अंगणवाड्यांतही कित्येक वर्षे मुख्यतः वजनच होत असे. उंची मोजण्यावर नीट भर आला तो २०१८ च्या पोषण अभियानानंतर.

चूक कळल्यावर आम्ही दुसरी चूक केली. त्या बाईला बसवून आम्ही उपदेश केला. मुलाला दूध दे, अंडे दे, डाळ घट्ट दे, दिवसातून पाच वेळा दे. ती मान डोलावत होती. बाजूला औषधे लावीत असलेल्या एक धर्मभगिनी ती गेल्यावर हळूच म्हणाल्या, "फादर, काय द्यायचं ते तुम्ही सांगितलंत. कोण देणार, ते विचारलंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पाड्यावर गेलो. बाई पहाटेच कामाला गेली होती. मूल आठ वर्षांच्या बहिणीजवळ. सकाळी नागलीची भाकरी पाण्यात कुस्करून बहिणीने आपल्याच ताटलीत घेतली होती. चार घास तिने खाल्ले, दोन भावाने, मग कोंबडीने ताटलीत चोच घातली, आणि जेवण संपले. मूल रडले नाही. पुढचे जेवण आई आल्यावर, दिवेलागणीला. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे. दोन वेळच्या पातळ अन्नात त्याची दिवसाची गरज कधीच भागत नाही. त्याला घट्ट अन्न थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, कोणीतरी मांडीवर घेऊन, तोंड फिरवले तर चिमणीचा-कावळ्याचा घास म्हणून भरवावे लागते. घास चिमणीचा म्हणण्यासाठी घरात मोकळे माणूस लागते. त्या घरात ते नव्हते.

या आठ वर्षांच्या बहिणीचा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात दोन स्त्रियांनी फार आधी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असते, हे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी मुलीला दटावले नाही, भावंडासकट बोलावले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी 'विकासवाडी' उभी केली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, आणि जी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत देशभर पसरलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्याच अंगणातला आहे. शब्द सर्वत्र गेला. पाळणाघर मात्र वाटेत बहुतेक गळले, याची आम्हाला खंत वाटते.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आपल्या वाचकांना परिचित आहे. १९७० साली ते तेथे गेले ते दवाखाना घेऊन, पण लवकरच त्यांना उमगले की लोकांना आधी अन्न आणि पाणी हवे आहे. मग त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित स्त्रियांना शिकवून आरोग्य सेविका बनवले. बाळाला वरचे अन्न केव्हा आणि कसे द्यावे, हे शेजारच्या बाईने चुलीपाशी बसून सांगितले तर पटते; गाडीतून उतरलेल्या माणसाने सांगितले तर फक्त मान डोलते. आमच्यापुढे ती वारली बाई डोलवीत होती तशीच.

व्हिएतनाममधील थान्ह होआ प्रांतातही असाच अनुभव आला. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य तेथे गेले. सरकारने त्यांना सहा महिने दिले होते. पैसा नव्हता, वाटायला अन्न नव्हते. त्यांनी गावकऱ्यांकडूनच मुलांची वजने करून घेतली आणि विचारले, अत्यंत गरीब घरातले असूनही चांगले वाढलेले मूल कुठे आहे का? होते. त्या घरांत आया भातखाचरातले चिमुकले झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालीत. हे सगळे फुकट मिळे, पण लहान मुलांना ते सोसत नाही असा गावाचा समज होता. ही मुले दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे जेवत. आई शेतात गेली तर घरातले दुसरे कोणी त्यांना भरवी. जेवणाआधी हात धुतले जात. मग त्या आयांनी इतर आयांना आपल्या घरी बोलावले. प्रवेशशुल्क एकच: येताना मूठभर झिंगे किंवा पाला आणायचा.

हे वाचले तेव्हा आम्हाला त्या पाड्याजवळचा ओढा आठवला. पावसात तेथे मुठे चिक्कार मिळत. पोरे ते पकडून निखाऱ्यावर भाजून खात. दोन वर्षांच्या मुलाला कोणी देत नसे. उष्ण पडतात म्हणत.

सगळा दोष चुलीचा नाही, हेही सांगितले पाहिजे. आई स्वतःच लहान वयात, रक्त कमी असताना गरोदर राहिली तर मूल जन्मतःच मागे असते. वारंवार हगवण झाली तर खाल्लेले अंगी लागत नाही. अलीकडे बांगलादेश, केनिया, झिम्बाब्वे येथे शौचालये आणि हात धुण्याची सोय करून पाहिले, तर तेवढ्याने उंची वाढली नाही. पूरक अन्न दिले तेथे थोडी वाढली. म्हणजे उत्तर सोपे नाही. महाराष्ट्राने मात्र एकदा काहीतरी करून दाखवले होते. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. पुढे त्याने लक्ष केंद्रित केले ते या हजार दिवसांवर. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ साली ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २४ टक्क्यांवर आलेले आढळले. पाच वर्षांखालील मुलांचे राज्यातील प्रमाण ४६.३ वरून २०१५-१६ साली ३४.४ झाले. पण २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ होते. गाडी थांबली. त्याच पाहणीत देशातील सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळांना निव्वळ आईचे दूध मिळते असे दिसले, आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयातल्या अवघ्या ११ टक्के मुलांना पुरेसा आहार. आई आपले काम करते. घर आणि समाज त्यानंतर कमी पडतो.

आणि आपली घरे? आपल्या वाडवडिलांच्या काळी बाया पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जात आणि दुपारी परतत. घरचे दूध मुंबईला विकले जाई. मागे आजी पेज भरवी. आजी दमदार असली तर मूल धरे, नसली तर आमच्या दफनवहीत येई. आज ती गरिबी उरलेली नाही. तरी दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी, सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली जे दाखवले ते आपणही मनाला लावून घ्यावे असे आहे. भारतातील पहिला मुलगा आफ्रिकेतल्या मुलापेक्षा उंचीत मागे नाही. मागे पडतात ती दुसरी, तिसरी मुले, आणि विशेषतः मुली. एकाच चुलीवरचे अन्न, एकच आई. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा एक तरुण हसून म्हणाला, "फादर, आपल्यात असं नसतं." त्याच्या शेजारी बसलेली त्याची वाग्दत्त वधू मात्र हसली नाही. ती घरातली तिसरी मुलगी, हे आम्हाला नंतर कळले.

दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबे खाली उतरतात. वारली, कातकरी, कोकणा. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीबाहेर, खाडीच्या बाजूला, वीटभट्ट्या लागतात. आई-बाप अंधारात उठून चिखल मळतात. मूल भट्टीच्या उबेला, गोणपाटावर. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत, ते स्वतः इथे. होळीपर्यंत, कधी पावसापर्यंत, म्हणजे अठरांतले पाच-सात महिने, ते कोणाच्याच वहीत नसते. आपल्या नव्या बंगल्यांच्या भिंती त्या विटांच्या आहेत.

यंदा संत व्हिन्सेंट डी पॉल संघटनेच्या बैठकीत नाताळच्या कपडेवाटपाचा विषय निघाला, तेव्हा आम्ही हे सारे बोलून दाखवले. थोडा वाद झाला. कपडे दिसतात, पेज दिसत नाही, असे एकाने स्पष्टच म्हटले. अखेर ठरले ते असे की भट्टीवरच एका वारली आजीबाईला मजुरी देऊन बसवायचे, मुलांना दिवसातून तीन वेळा भरवायचे काम तिचे. तांदूळ-डाळ, तेल आणि अंडी आपली. आमच्या गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाची एक फळी करून दिली, वर डोके टेकवायला आडवी पट्टी, खाली सरकता खुंटा, बाजूला शिंप्याची मोजपट्टी चिकटवलेली. पहिल्या दिवशी मुलांना तिच्यावर आडवे केले तेव्हा बहुतेकांनी रडून गोंधळ केला. वय विचारले की आया होळी, पाऊस, लग्न यांच्या खुणा सांगत. या वेळी आम्ही त्यांचे ऐकून तसेच लिहून घेतले. वही आता कचेरीतल्या त्याच लोखंडी कपाटात, दफनवहीच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे.